विश्लेषण : जुनी बुलेट उलटी किक का मारते? प्रश्न ताकदीचा नाही, ठिणगीच्या वेळेचा!

दसऱ्याच्या सकाळी अनेक घरांसमोर एक ठरलेले दृश्य दिसते. वर्षभर कापडाखाली झाकून ठेवलेली जुनी बुलेट, येझ्दी किंवा आरएक्स १०० बाहेर निघते. गाडी धुतली जाते, हँडलला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. मग खरी परीक्षा सुरू होते ती किकची. एक जण दमला की दुसरा पुढे येतो. शेजारचे काका गॅलरीतून सल्ला देतात, ‘जोर लाव रे!’

आमच्या घरी गेल्या दसऱ्याला याच जोराने घात केला. बाबांची कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट आहे. त्यांनी किक मारली आणि किकचा दांडा त्याच वेगाने उलटा वर आला. घोटा सुजला. तीन आठवडे ते लंगडत होते. ‘आता विकून टाका ती गाडी,’ असे घरात सगळ्यांचे मत पडले.

गाडीचा दोष नव्हता आणि बाबांचाही नव्हता. सणाच्या चार दिवस आधी मीच एक व्हिडिओ पाहून गाडीचे पॉइंट घासले होते. मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी असूनही फटीचे माप घेतले नव्हते. ही उलटी किक नेमकी का बसते, जुन्या गाडीत ठिणगी तयार कशी होते आणि कमी जोरात, सुरक्षितपणे गाडी सुरू कशी करायची, ते समजून घेऊ.

किक मारल्यावर इंजिनात काय घडते?

जुन्या बुलेट ३५० चे इंजिन ३४६ सीसीचे, एकाच सिलिंडरचे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. हे चार स्ट्रोकचे इंजिन आहे. पिस्टन खाली जाताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढतो, वर येताना ते दाबतो. ठिणगीने मिश्रण पेटले की खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर टाकतो. या चार कामांसाठी क्रँकचे दोन फेरे लागतात.

इंजिन चालू असताना जड फ्लायव्हीलच्या वेगामुळे हे चक्र आपोआप सुरू राहते. बंद इंजिनात हा वेग नसतो. तो पहिला वेग आपला पाय देतो. म्हणजे किकचे काम तीन गोष्टींचे आहे. मिश्रण आत घ्यायचे, ते दाबायचे आणि ठिणगी पडेल त्या क्षणी पिस्टन योग्य जागी असेल इतकी गती द्यायची.

यातला दाबण्याचा टप्पा सगळ्यात जड. पाय ठेवल्यावर किक दगडासारखी लागते, ती याच जागी. अनेक जण नेमके इथूनच जोर लावायला सुरुवात करतात. म्हणजे सगळी ताकद मिश्रण दाबण्यात जाते आणि फ्लायव्हीलला गती मिळतच नाही.

१२ व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्ट कसे येतात?

जुन्या बुलेटमध्ये ६ किंवा १२ व्होल्टची बॅटरी असते. प्लगच्या टोकांमधली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट, तीही दाबलेल्या मिश्रणातून, ओलांडायला मात्र दहा-पंधरा हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक लागतात. हा फरक भरून काढतात तीन भाग. इग्निशन कॉईल, कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट आणि कंडेन्सर.

कॉईलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेचे दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, कमी वेढ्यांचा. दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो वेढ्यांचा. पॉइंट म्हणजे धातूची दोन छोटी टोके. ती जुळलेली असतात तेव्हा बॅटरीचा प्रवाह जाड तारेतून वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. फिरणारा कॅम पॉइंट उघडतो. प्रवाह एकदम तुटतो. चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो प्लगपर्यंत जातो. ठिणगी पडते.

लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच : ठिणगी पॉइंट जुळताना पडत नाही, उघडताना पडते. पुढचे सगळे गणित या एका क्षणावर आहे.

कंडेन्सरचे काम काय? पॉइंट उघडताना प्रवाह सहजासहजी थांबत नाही. तो पॉइंटच्याच फटीतून उडी मारू पाहतो. तसे झाले की ऊर्जा तिथेच वाया जाते, टोके जळतात आणि प्लगवर ठिणगी कमजोर पडते. कंडेन्सर तो प्रवाह क्षणभर स्वतःकडे घेतो, त्यामुळे क्षेत्र झटकन कोसळते. बोटाच्या पेराएवढा हा भाग बिघडला तर गाडी सुरू होण्याची खात्री उरत नाही.

बॅटरी, कॉईल आणि पॉइंटची ही जोडणी प्रचलित केली अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी. १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. त्याच केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी मोटार सुरू करायला समोरून लोखंडी हँडल फिरवावे लागे. इंजिन उलटे फिरले की हँडल मनगटावर बसे. मनगटाच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला वैद्यकशास्त्रात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते यामुळेच. म्हणजे आमच्या बाबांच्या घोट्याचे दुखणे शंभर वर्षांहून जुने आहे.

ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधीच का पडते?

अनेकांना वाटते की पिस्टन अगदी वर पोहोचला की ठिणगी पडते. प्रत्यक्षात ती थोडी आधी पडते. कारण मिश्रण एका क्षणात पेटत नाही. प्लगपासून ज्योत पसरत जायला वेळ लागतो. दाब पिस्टन वर जाऊन खाली यायला लागल्यानंतर लगेच शिगेला पोहोचला, तर जास्तीत जास्त ताकद मिळते.

ढोबळ हिशेब करू. ज्वलनाला २ मिलिसेकंद लागतात असे धरा. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे ज्वलन होईपर्यंत क्रँक फेऱ्याचा दहावा भाग, ३६ अंश फिरलेला असतो. म्हणून ठिणगी बरीच आधी द्यावी लागते. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘ॲडव्हान्स’ म्हणतात.

आता किक मारतानाचा वेग पाहा. समजा, मिनिटाला ३०० फेरे. एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद. तेवढ्याच २ मिलिसेकंदांत क्रँक फिरतो फक्त ३.६ अंश. म्हणजे सुरू होताना ठिणगी जवळजवळ पिस्टन वर पोहोचताना हवी आणि वेगात असताना खूप आधी. एकाच इंजिनाच्या दोन वेगळ्या गरजा.

ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या मोटारसायकलींवर यासाठी हँडलला एक छोटा लिव्हर असे. सुरू करताना चालक ठिणगी हाताने मागे घ्यायचा, गाडी धावू लागली की पुढे. बुलेटमध्ये हे काम पॉइंटखालचे दोन छोटे वजनाचे तुकडे आणि त्यांना बांधलेल्या स्प्रिंगा करतात. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात, कॅम थोडा पुढे सरकतो आणि ठिणगी आधी पडू लागते. वेग कमी झाला की स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. याला ऑटो ॲडव्हान्स म्हणतात.

मग उलटी किक कशामुळे बसते?

किक मारताना पिस्टन वर येत आहे, वेग कमी आहे आणि ठिणगी गरजेपेक्षा आधी पडली. मिश्रण पेटले, दाब वाढला, पण पिस्टन अजून वर पोहोचलेला नाही. मग दाब त्याला आल्या वाटेने खाली ढकलतो. क्रँक उलटा फिरतो.

आता किकच्या दांड्याची रचना पाहा. त्यात एकाच दिशेने अडकणारी दातेरी खाच, म्हणजे रॅचेट असते. इंजिन सुरू होऊन पुढे धावू लागले की ही खाच सुटते, म्हणून पायाला काही होत नाही. इंजिन उलटे फिरले की मात्र ती घट्ट अडकते. त्या क्षणी इंजिन आणि पाय गिअरने एकमेकांना जोडलेले असतात. सिलिंडरमधला धक्का सरळ टाच, घोटा आणि गुडघ्यावर येतो.

ठिणगी आधी पडण्याची नेहमीची कारणे चार.

पहिले, पॉइंटमधील फट वाढलेली असणे. बुलेटमध्ये ही फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी. फट जास्त ठेवली तर कॅमचा उंचवटा पॉइंटला लवकर भिडतो, पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगीही लवकर पडते. बुलेटचा हा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे इथे एका अंशाची चूक झाली की क्रँकवर ती दोन अंशांची होते. मी केलेली चूक हीच.

दुसरे, ऑटो ॲडव्हान्सची वजने गंजून बाहेरच अडकणे किंवा स्प्रिंग सैल पडणे. मग गाडी उभी असतानाही इंजिनाला वाटते की आपण वेगात आहोत. वर्षभर न चालवलेल्या गाड्यांत हे हमखास आढळते.

तिसरे, पॉइंटची प्लेट स्क्रू सैल होऊन जागची हलणे.

चौथे कारण मशीनचे नाही, आपले आहे. अर्धवट, घाबरत मारलेली किक. टायमिंग बरोबर असले तरी ठिणगी किंचित आधीच पडते. फ्लायव्हीलला पुरेशी गती नसेल तर पिस्टन तो शेवटचा टप्पा ओलांडू शकत नाही आणि मागे फिरतो. म्हणून एकदा उलटी किक बसलेला माणूस भीतीने हळू किक मारतो आणि पुन्हा मार खातो.

ॲमीटरचा काटा काय सांगतो?

बुलेटच्या हेडलाइटवर एक छोटा गोल ॲमीटर असतो. बरेच जण तो शोभेचा समजतात. प्रत्यक्षात किक कुठून मारायची, हे तोच सांगतो.

चावी लावल्यावर पॉइंट जुळलेले असतील तर कॉईल प्रवाह घेते आणि काटा वजा बाजूला झुकतो. किक हळूहळू दाबत गेलात की एका जागी पॉइंट उघडतात, प्रवाह थांबतो आणि काटा मध्यावर येतो. बुलेटमध्ये हे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच होते, दाबाच्या टप्प्याच्या शेवटी. म्हणजे काटा मध्यावर आला, तर पिस्टन जवळजवळ वर पोहोचला आहे.

दुसरी मदत डिकॉम्प्रेसरची. डाव्या हँडलवर क्लचजवळ असलेला हा छोटा लिव्हर ओढला की सिलिंडरमधला दाब सुटतो आणि किक हलकी होते.

या दोन्हींचा उपयोग करून किक मारण्याचा क्रम असा :

१. गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा. पेट्रोलचा कॉक उघडा. इंजिन थंड असेल तर चोक ओढा. गरम असेल तर चोक नको.

२. चावी बंद ठेवून डिकॉम्प्रेसर ओढा आणि तीन-चार वेळा हलकी किक मारा. वर्षभर बसलेल्या इंजिनात तेल फिरते.

३. चावी लावा. डिकॉम्प्रेसर सोडून किक हळूहळू दाबा. काटा वजावरून मध्यावर येईल तिथे थांबा.

४. डिकॉम्प्रेसर ओढा, किक साधारण इंचभर आणखी दाबा आणि लिव्हर सोडा. आता पिस्टनने वरचे टोक नुकतेच ओलांडले आहे.

५. किक पूर्ण वर येऊ द्या. मग शरीराचे वजन टाकून, एका लांब सलग दमात ती शेवटपर्यंत न्या. झटका नको, लाथ तर नकोच.

यामागचे गणित सोपे आहे. पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे असेल, तर पुढच्या दाबाच्या टोकापर्यंत क्रँकला जवळपास दोन फेरे मिळतात. या वाटेवर फ्लायव्हील गती पकडते आणि दाबाचा चढ त्या गतीवर पार होतो. म्हणून सवय असलेला सडपातळ माणूस एका किकमध्ये बुलेट सुरू करतो आणि व्यायामशाळेत जाणारा तरुण दहा किक मारून घाम पुसतो.

काळजी काय घ्यायची? चप्पल किंवा अनवाणी पायाने किक मारू नका. टाच असलेला बूट घाला. किक पायाच्या मधल्या भागाने दाबा. गुडघा ताठ ठेवू नका, किंचित वाकलेला असू द्या. थ्रॉटल बंद किंवा अगदी थोडा उघडा ठेवा. आणि गाडी सुरू न करता चावी लावून ठेवू नका. पॉइंट जुळलेले असतील तर कॉईल तापते आणि बॅटरीही उतरते.

जावा-येझ्दीचे काय वेगळे?

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६० च्या दशकात जावा आणि पुढे येझ्दी बाहेर पडल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला, पण त्यांचे चाहते आजही जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिन साजरा करतात.

या गाड्यांत किकचा आणि गिअरचा दांडा एकच. तो इंजिनाच्या दिशेने आत दाबून वर फिरवला की किक, आणि जागेवर आला की गिअर. पहिल्यांदा पाहणारा किक शोधत बसतो, ती यामुळे.

इंजिन टू स्ट्रोक असल्याने क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. झडपा नसतात, मिश्रण भिंतीतल्या खिडक्यांमधून आत-बाहेर जाते. या खिडक्यांना उलटसुलट दिशा कळत नाही. त्यामुळे टू स्ट्रोक इंजिनाला उलटा झटका बसला तर क्वचित ते उलट्या दिशेने सुरूही होते. आवाज वेगळा, अडखळता येतो. अशा वेळी पहिला गिअर टाकून क्लच सोडला तर गाडी मागे जाते. शंका आली तर चावी बंद करा आणि पुन्हा किक मारा.

जावाच्या कार्ब्युरेटरवर एक छोटी घुंडी असते, तिला टिकलर म्हणतात. ती दाबली की थंड इंजिनासाठी जादा पेट्रोल भरते. हौसेने फार वेळ दाबली की प्लग ओला होतो आणि मग गाडी ऐकत नाही.

आरएक्स १०० बॅटरी उतरली तरी कशी सुरू होते?

१९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये पॉइंट नाहीत. तिथे सीडीआय पद्धत आहे. फ्लायव्हीलमधले चुंबक कॉईलसमोरून फिरतात आणि स्वतःच वीज तयार करतात. ती एका कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्टपर्यंत साठते. ठरलेल्या क्षणी एक छोटी सेन्सर कॉईल इशारा देते आणि साठलेली वीज एका झटक्यात इग्निशन कॉईलमध्ये सोडली जाते. ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही.

घासणारा भाग नसल्याने टायमिंग वर्षानुवर्षे हलत नाही. ९८ सीसीचे हलके इंजिन आणि सीडीआय यामुळे आरएक्स अर्ध्या किकमध्ये सुरू होते, ही ख्याती.

चुंबकाची ही कल्पना नवी नाही. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीतील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि पुढची अनेक दशके मोटारसायकली त्यावर धावल्या. त्याची एकच अडचण : ठिणगीची ताकद फिरण्याच्या वेगावर ठरते. हळू किक, तर अशक्त ठिणगी. बॅटरीच्या पद्धतीत उलट. किक हळू असली तरी ठिणगी चांगली पडते, पण बॅटरी उतरलेली असेल तर कितीही किक मारा, उपयोग नाही.

गाडी सुरूच होत नसेल तर काय तपासायचे?

दहा किक मारून झाल्यावर अकरावी मारू नका. क्रमाने पाहा.

प्लग काढा. तो ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगी नाही किंवा इंजिन ओव्हरफ्लो झाले आहे. प्लग पुसा, चोक बंद करा, चावी बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काही किक मारून जादा पेट्रोल बाहेर जाऊ द्या. प्लग कोरडा असेल तर आधी कॉक, पाइप आणि कार्ब्युरेटर पाहा.

ठिणगी तपासायची तर प्लग कॅपला लावून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा आणि किक मारा. प्लगचे भोक आणि सांडलेले पेट्रोल यांच्यापासून लांब ठेवा आणि प्लग हातात धरू नका. ठिणगी निळसर, टच आवाज करणारी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर बॅटरी, पॉइंट, कंडेन्सर, कॉईल या क्रमाने जा.

पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पण त्यानंतर फीलर गेजने फट मोजा आणि टायमिंग तपासा. पॉइंट नेमके कधी उघडतात हे पाहण्यासाठी जुने मेस्त्री त्यात सिगारेटचा पातळ कागद अडकवतात. कागद सुटला, तो ठिणगीचा क्षण. लहान बल्ब जोडूनही हे पाहता येते.

गाडी थंड असताना सुरू होते, दहा किलोमीटरनंतर चहाला थांबलात की सुरू होत नाही, असे असेल तर पहिला संशय कंडेन्सर किंवा कॉईलवर घ्या. तापल्यावर त्यांचा दोष बाहेर येतो. पॉइंटवर मोठी ठिणगी उडताना दिसत असेल तर कंडेन्सर गेल्यातच जमा.

टाकीतले पेट्रोल किती जुने आहे, हेही विचारा. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतो आणि जुन्या रबरी भागांना मानवत नाही. महिनोन्‌महिने गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवलेला बरा.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवावे का?

बाजारात जुन्या बुलेटसाठी असे किट मिळतात. फायदा उघड आहे. फट मोजणे, घासणे बंद. टायमिंग स्थिर. रोज गाडी वापरणाऱ्यांना आणि गुडघ्याचा त्रास असलेल्यांना त्याचा उपयोग होतो. अडचणी दोन. त्यातला भाग बिघडला तर रस्त्याकडेला दुरुस्ती होत नाही, तो बदलावाच लागतो. पॉइंट मात्र कुठल्याही गावातला मेस्त्री दहा मिनिटांत नीट करतो. दुसरे, किट चुकीच्या टायमिंगवर बसवले तर उलटी किक तशीच बसते. ज्यांना पॉइंटच ठेवायचे आहेत, त्यांनी काढलेला जुना पण चांगला संच आणि एक कंडेन्सर डिक्कीत ठेवावा.

नव्या गाड्यांत हा प्रश्नच संपला आहे. रॉयल एनफिल्डच्या २०२० मधील मिटिऑर आणि २०२१ मधील नव्या क्लासिक ३५० वर किकच नाही. बटण दाबायचे, बाकी संगणक पाहतो.

जुनी गाडी ठेवायची तर नियम काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये, पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे रोज चालवायची असेल, तर नेहमीची नोंदणी वाढवत राहणे सोयीचे.

आमच्या बुलेटचे पुढे काय झाले?

गिऱ्हाईक पाहायला येणार त्याच्या आदल्या रात्री मी पॉइंटचे झाकण उघडले. फीलर गेजने मापले तर फट ०.६० मिलिमीटर निघाली. ०.४० हवी होती. ती बरोबर केली, टायमिंग पुन्हा लावले. ॲडव्हान्सची एक स्प्रिंगही सैल पडली होती, ती बदलली. सगळा खर्च एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी.

सकाळी किक मारायला मी उभा राहिलो. बाबा खुर्चीत बसून पाहत होते. मी पाय वर घेतला तेव्हा ते म्हणाले, ‘अरे, थांब. आधी काटा बघ.’ काटा मध्यावर आणला, डिकॉम्प्रेसर ओढला, सोडला आणि किक सलग खाली नेली. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. गिऱ्हाईकाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितले.

बाबांना डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली आहे. आता किक मी मारतो, गाडी ते चालवतात. पॉइंटची फट दर तीन महिन्यांनी मोजायची, असे घरात ठरले आहे. तुमच्या दारातली जुनी गाडी यंदा दसऱ्याला बाहेर काढणार असाल, तर हार आणण्याआधी एक फीलर गेज आणा. आणि कुणी ‘जोर लाव’ म्हणाले तर आधी त्यांना ॲमीटरचा काटा दाखवा.